शेवटच्या फेरीची बाटली

माहेरी आले की मी आधी घरात जात नाही, कोठ्यात जाते. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. सासरी, गोंदियाला, यावरून माझी चेष्टा होते. "हमारी बहू पहले बैल से मिलती है, बाद में माँ से," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात. सांगू देत. शेणाचा, तणसाचा आणि जवसाच्या तेलाचा तो मिसळलेला वास नाकात गेल्याशिवाय मला आल्यासारखं वाटतच नाही. एके काळी तो वास माझ्याच अंगाला यायचा.

यंदा पटासाठी आले तेव्हाही तशीच कोठ्यात शिरले. माझी सायकल वर लाकडाला उलटी टांगलेली होती. टायर तडकलेले, साखळी गंजून लाल. हँडलवर कोंबडी बसत असावी, तिथे तिच्या खुणा होत्या. भिंतीतल्या कोनाड्यात घुंगरांचे पट्टे, शिंगांना लावायचा रंग, तेलाची कुप्पी, कसली कसली औषधं, आणि सगळ्यावर बोटभर धूळ. त्या पसाऱ्यात, आजवर कधी माझ्या नजरेस न पडलेली, ती निळी बाटली उभी होती. शर्यतीत सायकलवाले दाबून पितात तसली, मऊ प्लास्टिकची. तिच्यावरचं माझ्या जुन्या सायकल-संघाच्या कंपनीचं नाव पुसून गेलं होतं. पण ती स्वच्छ होती. झाकण उघडून वास घेतला, तर वासही नाही. आख्ख्या कोठ्यात धुतलेली वस्तू ती एकच.

माझं डोकंच फिरलं. जिच्याकडे मला बघवत नाही, ती बाटली या घरात कोणीतरी घासूनपुसून ठेवतं!

मी रस्त्यावरच्या शर्यतींची सायकलपटू होते. सत्ताविसाव्या वर्षी 'होते' म्हणावं लागतं, यातच काय ते आलं. माझ्या वयाच्या बाकीच्या बाया अजून 'होणार आहे' म्हणतात. कोणी डी.एड. होणार आहे, कोणी आई होणार आहे. माझं मात्र होऊन गेलं.

आणि ते सुरू झालं होतं पटामुळे. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. धान कापून झालं की तलावाखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दोन धावपट्ट्या तयार करायच्या, हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर धुरकऱ्याने बसायचं आणि झेंडी पडली की सुटायचं. पापणी लवायच्या आत खेळ संपतो. त्या एवढ्याशा खेळासाठी आमच्या अर्जुनीकडची माणसं वर्षभर बैलांची सेवा करतात. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, गावात पाहुणे मावत नाहीत. माझे बाबा नावाजलेले धुरकरी. त्यांचं नाव पुकारलं की पार कोहमाऱ्याकडून आलेली माणसंही चहा टाकून धावपट्टीकडे पळायची. लहानपणी मला वाटायचं, बाबा नावाचा माणूस सगळ्यांच्याच घरी असतो, पण असा उडणारा फक्त आपल्या घरी.

मी शाळेत असताना पटावर बंदी आली. का आली, कोणी आणली, याच्याशी मला तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. मला आठवतो तो बाबांचा रिकामा हिवाळा. पटाची जोडी त्यांनी बालाघाटकडच्या माणसाला दिली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग रोज सकाळी उठून रिकाम्या दावणीशी जाऊन उभे राहायचे. जुनी तुतारी, म्हणजे टोकाला आर बसवलेली काठी, हातात धरून उगाच जमिनीवर आपटायचे. टक, टक. त्या आवाजाने माझी झोप मोडायची.

त्याच हिवाळ्यात मला शाळेकडून सायकल मिळाली. गावातल्या सगळ्याच पोरींना मिळाली होती. काळी, जड, पुढे टोपली. तलावाच्या पाळीवरून उतार लागला की मी एसटीशी शर्यत लावायचे. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, पोरं शिट्ट्या मारायची आणि मी फाट्यापर्यंत गाडीच्या पुढे असायचे. एक दिवस बाबांनी पाळीवरून ते पाहिलं. संध्याकाळी मला अंगणात बोलावलं.

"इकडं ये वं बाई."

"कायले?"

"ये तं. चालून दाखव."

मी चालून दाखवलं. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. बाप लेकीकडे बघतो तसं नाही, बाजारात गोऱ्ह्याकडे बघतात तसं. मग खुशीत मान हलवून घरात ओरडले, "पोरगीचा पाय पटाचा आहे!"

झालं. दावण पुन्हा भरली.

आईने पुष्कळ आरडाओरडा केला. "पोरगी होय का गोऱ्हा होय ते? लोकं का म्हनतीन?" लोक काय म्हणतात याची बाबांनी कधीच पर्वा केली नव्हती. पहाटे चुलीवर जवसाचं तेल कोमट व्हायचं आणि माझ्या पोटऱ्यांवर चोळलं जायचं. खालून वर, खालून वर, बैलांना चोळतात तसंच. भिजवलेले हरभरे, गूळ, तांदळाची पेज. बैलांची सरकीची ढेप तेवढी द्यायची राहिली, असं आई म्हणायची. शाळेत माझ्या शेजारी कोणी बसेना. मैत्रिणी नाक मुरडून म्हणायच्या, हिच्या अंगाला कोठ्याचा वास येते. मला वाईट वाटायचं नाही. मी बाबांची जोडी होते, एकटीच दोघांची.

सरावाच्या त्या रस्त्याचे वास अजून डोळे मिटले की येतात. कार्तिकात अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान सुकत पडलेलं असायचं आणि उरलेल्या हातभर पट्टीवरून मला सायकल काढावी लागायची. चाक धानावर गेलं तर राखणीला बसलेली म्हातारी काठी घेऊन धावायची. पुढे देशभरच्या शर्यतींत, चहूबाजूंनी चाकं खेटलेली असताना मी कधी पडले नाही, ती विद्या त्या म्हातारीची. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं गळायची, पहाटेच्या गारव्यात त्यांचा गोड, जड वास रस्त्यावर बसून राहायचा, आणि मी तोंड उघडं टाकून त्यातून जायचे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया गाणं मध्येच थांबवून विचारायच्या, "कुठं जाऊन राह्यली वं?" कुठे नाही, असं ओरडून मी पुढे निघायचे. आणि मागून बाबांची जुनी मोटरसायकल. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात तुतारी, ती गाडीच्या लोखंडावर आपटत. टक, टक. तो आवाज जवळ आला की माझे पाय आपोआप जोर धरायचे. मला कधी टोचलं नाही त्यांनी. टोचायची गरजच पडली नाही.

त्यांचे नियम पटाचे होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणाशी बोलायचं नाही. सुटताना उजवा पाय पुढे. आणि सगळ्यात मोठा नियम: "पटाच्या दिवशी जोडीले पानी नाही. पोटात पानी डुलते तं पाय कसा उचलन?" तालुक्याच्या, जिल्ह्याच्या छोट्या शर्यती मी तशा कोरड्या तोंडानेच जिंकल्या. बक्षिसाची ढाल घेऊन घरी आलं की मग माठातलं पाणी. ते पाणी मला अजून कुठे मिळालेलं नाही.

पुढे एका सायकल कंपनीच्या संघात माझी निवड झाली. महिन्याच्या महिन्याला पगार, अंगावर कंपनीचं नाव असलेली जर्सी, हलकी सायकल जी एका बोटावर उचलता यायची. ती घेऊन पहिल्यांदा घरी आले तेव्हा बाबांनी तिला कुंकू लावलं आणि चाकावर नारळाचं पाणी शिंपडलं. संघाचे प्रशिक्षक पुण्याकडचे, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सरांनी पहिल्याच आठवड्यात बाबांचा तो मोठा नियम मोडीत काढला. "तहान लागायच्या आधी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला." मला पाणी प्यायला शिकावं लागलं, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. सायकल चालवता चालवता खाली हात घालायचा, बाटली काढायची, दाबायची, परत खोचायची. सुरुवातीला माझी बाटली रस्त्यावर पडायची आणि मागच्या पोरी शिव्या घालायच्या.

तीन हंगाम मी त्या संघात होते. बिकानेरची तोंडात शिरणारी वाळू, विजापूरकडचा ऊन ओकणारा सरळ रस्ता, केरळातले ओले चढ. खोलीत चार पोरी, वेदनेच्या मलमाचा वास, अर्धी खाल्लेली केळी, खिडकीच्या गजांवर सुकणारे मोजे. वाऱ्यात एकीने पुढे राहायचं, तिच्या आडोशाला बाकीच्यांनी यायचं, तिची पाळी संपली की तिने कोपर हलवायचं आणि दुसरीने पुढे यायचं. बोलायचं काही नाही. असं न बोलता समजणारं जग मला नंतर कुठेच भेटलं नाही. लग्नात तर नाहीच.

आणि मग ती शर्यत. त्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्या दोघी देशाच्या संघात जाणार होत्या, परदेशातल्या शर्यतीसाठी. पुण्यापलीकडे माळावरचा रस्ता, गोल फिरून पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारा. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. बाबा रेल्वेने आले होते, पांढरंशुभ्र धोतर नेसून, पटाला जाताना नेसायचे तसं. नेमका त्या सकाळी संघातला पाणी देणारा माणूस आजारी पडला. दर फेरीला ठरलेल्या जागी उभं राहून, हात लांब करून बाटली पुढे धरायची, येणारी ती झडप घालून घेणार, एवढंच काम. सर म्हणाले, "काका, तुम्हीच उभे राहा. लेकीला पाणी पाजायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे?"

सरांचंही चुकलं नाही. कोणाला वाटलं असतं?

दर फेरीला बाबांनी बाटली बरोबर दिली. छाती काढून, हात ताठ. मी येताना दिसले की त्यांचा चेहरा उजळायचा. शेवटची फेरी लागली तेव्हा आम्ही तिघीच पुढे उरलो होतो. माझी बाटली रिकामी, ओठ फाटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. वळणावरून बाबा दिसले. हातात निळी बाटली. मी रस्त्याच्या कडेला आले आणि हात लांब केला.

त्यांनी बाटली पाठीमागे नेली.

"पानी नको! पोट हलकं ठेव! हान बाई, हान!" दुसऱ्या हाताने ते मला हाकत होते. त्यांच्या हिशोबात आधीच्या फेऱ्या म्हणजे मैदानापर्यंतची चाल होती. शेवटची फेरी म्हणजे पट. आणि पटाला जोडीला पाणी नाही.

थांबायची सोय नव्हती. माझा हात काही वेळ तसाच बाहेर राहिला, हे मला आठवतं. बाजूच्या दोघी पाणी पीत होत्या, त्यातला एक शिंतोडा माझ्या गालावर उडाला, हेही आठवतं. शेवटच्या चढावर डाव्या पोटरीत गोळा आला. पाय दगड झाला. मी सायकलवरून उतरले की पडले, ते नीट सांगता येत नाही. मागून एकेक चाक सूं करत जवळून गेलं.

बाबा धोतर सावरत धावत आले, कडेला बसले, माझी पोटरी मांडीवर घेतली आणि चोळू लागले. खालून वर, खालून वर. बाटली काखेत होती, भरलेली. ती त्यांनी उघडली आणि सगळं पाणी माझ्या पायावर ओतलं. बैलाच्या पायावर ओततात तसं. मी ते पाणी डांबरावरून वाहून जाताना पाहिलं. ओरडायला तोंडात ओल नव्हती.

परतीच्या गाडीत बाबा धानाबद्दल बोलले, तलावाच्या गाळाबद्दल बोलले, शेजारच्या प्रवाशाच्या सोयरिकीबद्दल बोलले. त्याबद्दल एक अक्षर नाही. मी वाट पाहत राहिले. भंडारा मागे पडलं, गोंदिया आलं, तरी नाही. मला माफी नको होती. बापाने लेकीची माफी मागावी, असली फॅशन आमच्याकडे नाही. मला एवढंच ऐकायचं होतं की, माझं चुकलं. नाहीतर लोक म्हणतच होते, पोरगीचा दम कमी पडला. आई म्हणत होती, नशीब. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, आणि पुढच्या वर्षी संघात नवी पोरगी आली. खरं काय झालं ते जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक बोलत नव्हता.

मग पटावरची बंदी उठली. गावात फटाके फुटले, मारुतीसमोर गुलाल उधळला. आठवड्याच्या आत बाबा बालाघाटकडे जाऊन दोन गोऱ्हे घेऊन आले, पांढरे, काळ्या कानांचे. पहाटे पुन्हा तेल कोमट होऊ लागलं, पण माझ्या खोलीपर्यंत त्याचा नुसता वास यायचा. मोटरसायकल गोऱ्ह्यांच्या मागे धावू लागली. टक, टक. मी अंथरुणात पडून ऐकायचे आणि माझे पाय गाढवासारखे जोर धरायचे. सायकल टांगली गेली. माझं लग्न झालं. नवरा भला आहे, पंपांचं दुकान आहे त्याचं, मला कशाला नाही म्हणत नाही. मीच काही मागत नाही.

लग्न झाल्यापासून मी दर पटाला येते आणि दर वेळी तीच वाट पाहते. बाबा बैलांविषयी भरभरून बोलतात, माझ्या लेकाला खांद्यावर घेतात, मला विचारतात, "बरी आहेस ना?" बरी आहे म्हणते.

यंदा पटाच्या दिवशी, बंदी उठल्यानंतर पहिल्यांदाच, मी त्यांच्यामागून मैदानावर गेले. तीच बांधी, धानाचे तेच कापलेले बुडखे, भजी, धूळ, आणि भोंग्यावर तोच अर्धा हिंदी, अर्धा आमच्या झाडीबोलीतला आवाज: "जोडी तैय्यार रखो भाऊ, बाजूले व्हा, बाजूले!" साठी ओलांडली तरी बाबा अजून स्वतःच छकड्यावर बसतात. मोहाच्या झाडाखाली जोडी जुंपून झाली. आमचंच नाव पुढचं होतं. बाबांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि ती निळी बाटली काढली. डाव्या बैलाचा जबडा धरला, ओठाच्या कोपऱ्यातून बाटली दाबली. बैल सवयीने पिऊ लागला. मग उजवा.

माझ्या तोंडातून आपसूकच निघालं, "बाबा, पटाच्या दिवशी पानी?"

"घोटभर. तोंड वल्लं राह्यलं तं दम पुरते."

"तुमीच तं म्हनत होते, जोडीले पानी नाही."

"म्हनत होतो." त्यांनी उजव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं नाही. "चूकच होती ते. तुया पायात गोळा आला तवा समजलं मले. या पोरायले कायले तसं करू?"

आणि बाटली माझ्या हातात कोंबून ते छकड्यावर चढले.

सहा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा बैलाच्या मानेवर हात ठेवून बोलला गेला. माझ्याकडे पाठ करून. मला रडू नाही आलं, संताप आला. म्हणजे हे त्याच दिवशी कळलं होतं! त्या गाडीत, धानाबद्दल बोलताना, कळलेलं होतं. माझ्या तहानेतून जे शिकले ते त्यांनी बैलांना दिलं, दरवर्षी, न चुकता, बाटली धुऊन. मला सांगायला मात्र बाजूला बैल लागला.

झेंडी पडली. जोडी सुटली ती नुसती पांढरी रेघ. भोंगा किंचाळला, लोकांनी टोप्या उडवल्या. जोडी पहिली आली होती.

थोड्या वेळाने बाबा जोडी चालवत झाडाखाली परत आले. बैलांच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडाला फेस. कोणीतरी गुलाल टाकला होता, बाबांचा चेहरा लाल होता आणि उजळलेला होता, त्या शर्यतीत मी येताना दिसले की उजळायचा तसाच. छकड्यावर बसूनच त्यांनी माझ्याकडे हात लांब केला.

"पानी दे बाई."

बाटलीत तळाशी पाणी होतं. मी ती पाठीमागे नेली.

बाबांना कळलं. लगेच कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला, लांब केलेला, रिकामा. भोवती माणसं नाचत होती, कोणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.   मला वाटलं होतं बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

डाव्या बैलाने मान वळवून माझ्या हाताचा वास घेतला. त्याची जीभ बाहेर आली होती, कोरडी. त्याने माझं काय बिघडवलं होतं? मी बाबांच्या हातात बाटली दिली नाही. पुढे होऊन बैलाचा जबडा धरला आणि उरलेलं पाणी त्याला मीच पाजलं.